संत्र्याचा केक ऐकणारे बाबा

मी एक जुना ओव्हन आहे, मित्रांनो. पण तुमच्या डोळ्यांपुढे आता जो आला असेल, तसला नाही. माझ्यावर बटणांची रांग नाही, लुकलुकणारे आकडे नाहीत, काम झाले की टिंग करणारी घंटाही नाही. मी अल्युमिनियमचा, गोल, साधारण घमेल्याएवढा. पोटात तळाशी एक वेटोळी तार आहे, ती तापली की लालबुंद होते. डोक्यावर झाकण, आणि झाकणाच्या मधोमध बशीएवढी जाड काच. एवढाच माझा संसार. वायर लावली की मी तापतो, काढली की निवतो. त्याच्या मधले काही मला जमत नाही.

आत काय चालले आहे ते लोकांना वरून दिसावे म्हणून ती काच बसवलेली असते. पण काच दोन्ही बाजूंनी काचच असते! लोक वरून मला बघतात आणि मी खालून लोकांना बघतो. त्यामुळे जन्मापासून मला चौकसपणाची खोड लागली ती लागलीच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची सपाट चकती एका दांडग्या यंत्राखाली सरकवली गेली, दणका बसला आणि मला पोट आले. मग तार आली, काळी मूठ आली. सगळ्यात शेवटी एका बाईंनी काच बसवली. काच नीट बसली आहे का हे तपासायला त्या वाकून आत बघत आणि प्रत्येक ओव्हनला जीभ काढून दाखवत. दिवसभर तेच काम, त्यांनाही कंटाळा येत असणार. जगात मी पाहिलेला पहिला चेहरा हा असा, जीभ काढलेला. तेव्हाच मला वाटले, माणसे हा मोठा मजेशीर प्रकार दिसतो, जवळून बघायला हवा.

नंतर मी एका दुकानाच्या दर्शनी काचेत येऊन बसलो. त्या दुकानात रोज सकाळी एक पोस्टमन टपाल द्यायला येत. खांद्याला पिशवी, बाहेर भिंतीला टेकवलेली सायकल. पत्रे देऊन झाली की ते माझ्यापुढे क्षणभर उभे राहत आणि निघून जात. असे कितीतरी दिवस चालले. एका सकाळी मात्र त्यांनी दुकानदाराला विचारले, याच्या पोटात कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवला तर तो किती वेळात पिवळा पडेल. दुकानदार म्हणाला की आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग दोघांनी मिळून मला तिथेच तापवले, कागद ठेवला आणि घड्याळ हातात घेऊन उभे राहिले. कागद पिवळा पडला तसा पोस्टमनचा चेहरा उजळला. त्याच दिवशी संध्याकाळी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून मी त्यांच्या घरी गेलो.

घर दुसऱ्या मजल्यावर होते, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्यात तीन माणसे राहत. पोस्टमनना सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. आई रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांचे काम पाळ्यांचे, कधी सकाळी तर कधी दुपारी. आणि सहा वर्षांची एक मुलगी. तिचे खरे नाव शाळेच्या हजेरीत असेल. घरी ती मुंगी होती, कारण घरात साखर कुठेही सांडली तरी तिथे सगळ्यांत आधी तीच पोहोचायची. मला पाहून आई म्हणाल्या की घरात आणखी एक खाणारे तोंड आले. मुंगीने लगेच दुरुस्ती केली, हे खाणारे नाही, खायला देणारे आहे.

बाबांनी मला का आणले, ते मला हळूहळू समजले. बाबा सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली होती. त्यांना वाढवले ते त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे मुंगीच्या आत्याने. आत्या तेव्हा अवघी सतरा वर्षांची. तिच्याकडे ओव्हन कुठला? ती जाड बुडाच्या भांड्यावर ताट झाकायची, ताटावर निखारे पसरायची आणि भावाच्या वाढदिवसाला संत्र्याचा केक करायची. बाबा मोठे झाले, नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवले की आता ताईच्या वाढदिवसाला केक आपण करायचा. आत्या दुसऱ्या गावी एकटी राहत असे, बसने तीन तासांवर. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला बाबा रजा काढत, पहाटे उठून केक करत आणि तो मांडीवर घेऊन बसने जात.

पण वर्षातून एकदाच केक करणारा माणूस दरवर्षी नव्याने शिकतो. म्हणून सराव हवा, असे म्हणत बाबा दर रविवारी मला तापवू लागले. लोणी आणि साखर फेटायची, अंडी घालायची, मैदा चाळायचा, संत्र्याची साल किसायची, रस पिळायचा. मुंगी स्टुलावर चढून लाकडी चमचा धरायची. त्या केकचे तुकडे कुठे कुठे जात! खालच्या मजल्यावरच्या घड्याळजी आजोबांकडे, आईंच्या वॉर्डात, टपाल कचेरीत. कचेरीत सुरी नसायची, तेव्हा तिथले लोक पार्सल बांधायच्या दोऱ्याने केक कापायचे, असे बाबा घरी येऊन सांगत.

मित्रांनो, त्या दिवसांत मला एकच कोडे पडे. केक अर्धा होत आला की जिन्यावरून येणारी माणसे दारातच थांबत आणि म्हणत, काय वास सुटलाय! बाबाही खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असत, आणि एका विशिष्ट क्षणी पान खाली ठेवून उठत. घड्याळाकडे बघतसुद्धा नसत. नाक किंचित वर करत, माझी वायर काढत आणि केक नेमका झालेला असे. तो वास म्हणजे काय? तो माझ्याच पोटातून निघतो म्हणतात, आणि मलाच त्याचा पत्ता नाही. मला ऊब कळते, वजन कळते, आवाज कळतो. पण वास? काचेतून तो दिसत तर नाही. मी पुष्कळ विचार केला, पण काही उलगडा होईना.

अशी पाच वर्षे गेली. मुंगी अकरा वर्षांची झाली आणि तिला स्टुलाची गरज उरली नाही.

मग एके दिवशी टपाल वाटताना बाबांच्या सायकलपुढे एक कुत्रा आडवा आला. त्याला वाचवायला बाबांनी हँडल वळवले, सायकल घसरली आणि त्यांचे डोके मागच्या बाजूने रस्त्याच्या दगडी कडेवर आपटले. जमलेल्या लोकांना ते सारखे सांगत होते की आधी पत्रे गोळा करा. आईंच्याच रुग्णालयात ते तीन दिवस होते. पाच टाके पडले. घरी आले तेव्हा चालणे, बोलणे, ओळख, सगळे जागच्या जागी होते. थोडक्यात निभावले, असे जो तो म्हणाला.

महिन्याभराने एका रविवारी बाबांनी मला पुन्हा ओट्यावर घेतले. सगळे नेहमीसारखे. ते खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडले. केक फुगला, सोनेरी झाला. आता ते उठतील, मी वाट बघत होतो. ते उठले नाहीत. केक तपकिरी झाला. मग काळपट. काचेवर धूर साचला, मला बाहेरचे काही दिसेना. मला हाक मारता आली असती तर मी कंठशोष केला असता. शेवटी आतल्या खोलीतून मुंगी धावत आली. धुराने तिला खोकला लागला होता. तिने वायर ओढली, झाकण उचलले. आणि बाबा माझ्यापासून चार पावलांवर शांतपणे वाचत बसले होते.

त्यांनी त्या काळ्या केककडे पाहिले. मग मुंगीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते राग किंवा आश्चर्य नव्हते. पाऊल टाकायला जावे आणि पायरीच नसावी, तेव्हा माणूस जसा दिसतो, तसे ते दिसले. पण दुसऱ्याच क्षणी ते म्हणाले, "ओव्हन बिघडलाय. तार भलतीच तापायला लागलीय त्याची."

मी? मी बिघडलो होतो? इतकी वर्षे इमानाने तापलो, इमानाने निवलो, त्याचे हे फळ! बाबांनी मला पुसले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि कपाटावर ठेवून दिले.

कपाटावरून दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येई. आणि जे ऐकू येत होते ते विचित्र होते. बाबांच्या देखत दूध करपले, दोनदा. एकदा त्यांनी केलेल्या भाजीत मीठ इतके पडले की मुंगी तांब्याभर पाणी प्यायली, आणि बाबा मात्र मुकाट्याने जेवत राहिले. पूर्वी ते पहिल्या घासाला मान डोलावून काहीतरी बोलायचे. आता जेवण म्हणजे त्यांना उरकायचे काम झाले होते.

आत्याच्या वाढदिवसाला त्यांनी पत्र पाठवले की ओव्हन नादुरुस्त आहे, यंदा केक जमणार नाही, रजाही मिळत नाही. नंतर फोन केला. आत्या फोनवर दोन शब्द बोलली, तेही भलतेच, आणि तिने फोन ठेवून दिला. पुढच्या महिन्यातही तसेच झाले. बाबा आईंना म्हणाले की ताई रागावली आहे, आणि तिची चूक नाही. त्यानंतर त्यांनी फोन करणे कमी केले, मग बंदच केले.

वर्ष होत आले. आत्याचा वाढदिवस पुन्हा जवळ आला आणि या वेळी तो साठावा होता. तेव्हा मुंगीने मनात एक बेत केला. ओव्हन दुरुस्त करून आणायचा आणि बाबांपुढे ठेवायचा, म्हणजे नाही म्हणायला जागाच राहणार नाही. बाबा कामावर गेल्यावर तिने आणि आईंनी मला खाली उतरवले आणि दुरुस्तीवाल्याकडे नेले.

त्याच्या दुकानात पोट उघडे टाकलेले रेडिओ होते, पाती काढून ठेवलेले पंखे होते. त्याने माझी तार पाहिली, वायर पाहिली, तासभर मला तापवत ठेवले. मध्येच भूक लागली म्हणून पावाचे दोन तुकडे माझ्यातच भाजून खाल्ले. मग हात पुसत त्याने सांगितले, "ताई, ओव्हन ठणठणीत आहे. याला कधी काही झालेलंच नाही. बिघाड असेल तर दुसरीकडे शोधा."

मुंगी हिरमुसली. आई मात्र स्टुलावर बसल्या त्या उठेनात. परिचारिकेचे मन ते. एकेक लक्षण जुळवत असणार. करपलेले दूध, खारट भाजी, हा केक. आणि आणखी एक, जे फक्त त्यांनाच ठाऊक होते: पूर्वी वॉर्डातून घरी आल्या की बाबा दारातच म्हणायचे, आधी त्या औषधांचा वास धुऊन ये. वर्षभरात ते एकदाही म्हणाले नव्हते.

त्या संध्याकाळी आईंनी मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले, पुसून लख्ख केलेले. बाबा आले, मला पाहून थबकले. आईंनी त्यांना खुर्चीत बसवले आणि डोळे मिटायला सांगितले. ते कशाला म्हणून विचारू लागले, पण आईंचा स्वर वॉर्डातला होता, त्यापुढे कुणाचे चालत नाही. त्यांनी डोळे मिटले. आईंनी फिनेलची बाटली उघडली आणि त्यांच्या नाकाखाली धरली. मुंगी दोन हात लांब होती तरी तिने नाक दाबले.

"काय आहे हे?" आईंनी विचारले.

बाबांनी दोनदा श्वास ओढून घेतला. मग त्यांनी ओठांवर जरा हसू आणले आणि म्हणाले, "संत्रं."

आईंनी बाटली खाली ठेवली. मग तिला घट्ट बूच लावले.

मग सगळे बाहेर आले. सायकलवरून पडले त्या दिवसापासून बाबांना कसलाच वास येत नव्हता, आणि वासाबरोबर चवही गेली होती. गोड, खारट एवढे जिभेला जेमतेम कळे, तेही आज कळले तर उद्या नाही. बाकी सगळा कागद. आधी वाटले चार दिवसांत येईल. मग वाटले महिन्यात येईल. मग सांगायची वेळच निघून गेली. आई त्यांच्यावर खूप रागावल्या. उद्या घरात गॅस सुटला आणि कळलेच नाही तर, पोर एकटी असते घरी, याचा विचार केला होता का? बाबा मान खाली घालून ऐकत होते. मग ते हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर कधी म्हणाला नसता, काय छान वास सुटलाय म्हणून. सगळे जपून बोलायला लागले असते. ते मला नको होतं."

मग मुंगी पुढे झाली. बिचाऱ्या ओव्हनवर वर्षभर खोटा आळ घेतला, त्याची माफी मागा, असे तिने ठणकावून सांगितले. बाबांनी खरोखरच माझ्या झाकणावर हात ठेवला आणि चुकलो म्हणाले. मित्रांनो, खरे सांगतो, माझा राग तेव्हाच गेला होता. मी वेगळ्याच विचारात होतो. मला वाटत होते की या घरात वास न येणारा मी एकटा आहे. तर इतके दिवस बाबाही माझ्याच जातीचे होऊन बसले होते, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती!

डॉक्टरांनी तपासले. नाकातून मेंदूकडे जाणारे नाजूक तंतू पडण्याच्या धक्क्याने तुटले असावेत, परत जुळतील किंवा जुळणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून स्वयंपाक करताना बाबा खिडकी उघडी ठेवू लागले आणि गॅसची कळ दोनदा तपासू लागले.

आणि मुंगीने एक वही केली. तिच्या पहिल्या पानावर तिने प्रश्न लिहिला, केक झाला हे नाकाशिवाय कशाने कळते? मला हसू आले. अगं, मला विचार ना! मी जन्मभर तेच करत आलो आहे. पण मला कोण विचारणार? ती दोघे एकेक करून शोधत बसली. केक झाला की त्याच्या कडा भांड्यापासून सुटतात, हे त्यांना पहिल्या रविवारी दिसले. बोटाने दाबला तर मऊ उशीसारखा परत वर येतो, हे दुसऱ्या रविवारी. विणायची सुई खुपसली तर कोरडी बाहेर येते, हे आईंनी सांगितले. तिसऱ्या रविवारी मुंगी नुकत्याच बाहेर काढलेल्या केककडे कान करून वाकली आणि तशीच राहिली. मग तिने बाबांना खुणेने बोलावले.

केक बोलत होता. कच्चा केक आतून बारीक चुरचुरतो. हजारो बुडबुडे फुटत असतात. जसजसा तो होत जातो तसतसा आवाज विरळ होतो, आणि झाला की जवळजवळ गप्प. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. पण माणसे नाकाच्या इतकी आहारी गेलेली की त्यांनी कान कधी लावलाच नव्हता.

पुढची गंमत ऐका. मुंगीने आईंच्या पिशवीतून स्टेथोस्कोप आणला. बाबांनी तो कानांना लावला, दुसरे टोक फडक्यात गुंडाळून केकच्या भांड्याला टेकवले आणि डोळे मिटून ऐकू लागले. तेवढ्यात आई कामावरून आल्या. आपला स्टेथोस्कोप केकच्या छातीवर बघून त्या दारातच उभ्या राहिल्या. बाबा गंभीरपणे म्हणाले की पेशंटच्या छातीत अजून घरघर आहे, आज घरी सोडता येणार नाही. वर्षभरात पहिल्यांदा त्या घरात तिघे एकदम हसले. पुढे वॉर्डात आईंच्या स्टेथोस्कोपला लोण्याचा वास येतो अशी तक्रार झाली म्हणे.

केक आता जळत नव्हते. पण चवीचे काय? बाबा आता मधल्या वारीही सराव करत, तेव्हा मुंगी शाळेत असली की चाखणारे कुणी नसे आणि काही ना काही चुके. कधी साखर दुप्पट, कधी रस जास्त होऊन गोळा. बाबा खचायचे. आत्याला खरे काय ते कळवा, असे आई सांगत होत्या. बाबा म्हणत, आधी एक केक धड होऊ दे, तो घेऊनच जातो. ताईने जे हातात दिले ते मी घालवून बसलो, हे कुठल्या तोंडाने सांगू?

पण आत्याने वाटच पाहिली नाही. वाढदिवसाच्या चार दिवस आधी तिचे पत्र आले आणि बाबांनी स्वतःच्याच घरी ते स्वतःच वाटले. त्यात तीनच ओळी होत्या. ओव्हन बिघडला असेल तर बिघडू दे. केक नको. मी येते आहे, गाडी शनिवारी दुपारी पोहोचते.

शनिवारी सकाळी बाबांनी कुणालाही हात लावू दिला नाही. संत्री स्वतः निवडली, साल स्वतः किसली. कोरा कागद किती वेळात पिवळा पडतो ते बघून माझी ऊब जोखली. मी जीव ओतून तापलो, एका बाजूला जास्त नाही, एका बाजूला कमी नाही. केक असा फुगला आणि असा रंगला की घड्याळजी आजोबा वर येऊन बघून गेले. बाबांनी कान लावला, सगळे शांत होते. मुंगीला चाखायला म्हणून तुकडा कापावा, तर ताईच्या आधी केकला सुरी लावायची नाही, असे ते म्हणाले.

आत्या आली. बारीक चणीची, पांढरे केस, हातात एक छोटी पिशवी. तिला टेबलापाशी बसवले. बाबांनी केक कापला, पहिला तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः उभेच राहिले. आत्याने एक घास घेतला. सावकाश चावला. चेहऱ्यावर काही उमटले नाही. तिने तुकडा बशीत ठेवला.

"ताई, कसा झालाय?" बाबांनी विचारले.

"हो, गाडी वेळेवर होती," आत्या म्हणाली.

बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटले ती विषय टाळते आहे, फोनवर टाळायची तसाच. ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मुंगी मात्र आत्याकडे टक लावून बघत होती. ती सावकाश माझ्याकडे आली, माझे झाकण उचलले आणि आत्याच्या पाठीमागे जाऊन, काचेला धक्का लागणार नाही अशा बेताने, त्याची कड फरशीवर आपटली. ठण्णकन आवाज झाला. आई दचकल्या, बाबा गर्रकन वळले. आत्या शांतपणे बशीतले कण बोटाने गोळा करत होती.

मुंगी तिच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली, तिने आपल्या कानाला हात लावला आणि मान हलवून विचारले, ऐकू येत नाही?

आत्याने आधी नाही म्हणायचा प्रयत्न केला. मग तिचे डोळे भरले. दोन वर्षे झाली, ती सांगू लागली. आधी एक कान, मग दुसरा. समोर बसून बोलले तर ओठांवरून थोडे कळते. "फोनवर तू काय म्हणायचास ते मला कळायचंच नाही, धाकट्या. काहीतरी उत्तर द्यायची आणि ठेवून द्यायची. तुला कळू नये म्हणून. मग तुझे फोनच बंद झाले. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

बाबा तिच्यासमोर येऊन बसले. तिचे दोन्ही हात धरले आणि तिला ओठ दिसतील असे, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ताई, मला वास येत नाही. वर्ष झालं. ओव्हन कधी बिघडलाच नव्हता."

आत्याने ते पुन्हा म्हणायला लावले. मग ती मागे टेकून बसली आणि केककडे बघत राहिली.

"तरीच," ती म्हणाली. "साल पार पांढऱ्यापर्यंत किसलीस. कडूजहर झालाय." मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि उठली. "तुला वास येत नाही, मला ऐकू येत नाही. दोघांत मिळून एक धड स्वयंपाकी होईल. चल, दुसरा घालू."

मित्रांनो, त्या दुपारी माझ्या काचेवर एकाच वेळी दोन चेहरे वाकले होते. एक नाक पुढे करून, एक कान पुढे करून. आत्याने साल किसली, फक्त वरची केशरी, आणि किसताना बाबांचे बोट धरून ते सालीवरून फिरवले: इथवर खडबडीत लागते, इथून गुळगुळीत, तिथे थांबायचे. नाक नसले तरी बोट आहे ना! तिने वास घेऊन मान हलवली, बाबांनी स्टेथोस्कोप लावून हात वर केला, आणि दोघांनी एकदम वायरकडे धाव घेतली. वायर मुंगीने आधीच काढली होती.

तो केक गरम असतानाच संपला. बाबांना चव किती कळली कुणास ठाऊक, पण त्यांनी तीन तुकडे खाल्ले.

आत्या आठवड्यासाठी आली होती, ती दोन महिने राहिली. आईंनी तिचे कान तपासून घेतले आणि यंत्र बसवले. बाबांचा वास पूर्ण कधीच परतला नाही. कधी कधी काहीच जळत नसताना त्यांना जळका वास आल्याचा भास होई आणि मी निवलेला असतानाही ते माझी वायर काढायला धावत. त्यावर घरात थट्टा होई, आणि तिच्यात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असे. पण त्यांच्यासमोर कुणी जपून बोलले नाही. केक झाला की मुंगी त्यांना मुद्दाम सांगत बसे: आज वास कसा आहे, गरम उन्हासारखा, की नव्या वहीसारखा, की आईच्या धुतलेल्या ओढणीसारखा. बाबा डोळे मिटून ऐकत. मीही ऐकत असे. वास म्हणजे काय, ते मला अजूनही नीट कळलेले नाही, पण तिच्या सांगण्यावरून थोडा अंदाज आला आहे.

आत्या गेली त्याला बरीच वर्षे झाली. बाबा आता थकले आहेत. मुंगीचे स्वतःचे घर आहे आणि तिथे भिंतीत बसवलेला मोठा ओव्हन आहे, घंटावाला. मधे काही वर्षे मी खोक्यात होतो. तार तुटली होती आणि ती बदलायला कुणाला सवड नव्हती. गेल्या वर्षी मुंगीनेच मला बाहेर काढले, हुडकून हुडकून माझ्या मापाची तार आणली. त्या नव्या तारेची काही तक्रार नाही आणि माझीही नाही.

माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्याही घरात असेल. तिला पुसा, गरम काचेवर गार पाणी ओतू नका, काम झाले की वायर आठवणीने काढा. एवढ्यावर आम्ही तुमच्या नातवंडांपर्यंत टिकू. माणसांची निगा मात्र जरा अवघड असते. कुणाच्या हातची भाजी खारट झाली, कुणी फोन पटकन ठेवला, कुणी भलतेच उत्तर दिले, तर लगेच रुसू नका. जवळ जा, समोर बसा आणि काय झाले ते विचारा. आणि तुमचेच काही हरवले असेल तर सांगून टाका. त्याचे खापर ओव्हनवर फोडू नका. आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.